अठराव्या शतकातलं इंग्लिश खेडं: माणसं, मजुरी आणि गरिबांची सोय (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

इंग्लंडचं अठरावं शतक म्हटलं की आपल्याला आधी ईस्ट इंडिया कंपनी आठवते. त्याच काळात तिथल्या खेड्यातला शेतमजूर काय खात होता, म्हातारपणी त्याला कोण सांभाळायचं, हे मराठीत फारसं वाचायला मिळत नाही. खालची उत्तरं मुख्यतः दोन गावांच्या आधाराने दिली आहेत: हॅम्पशायर परगण्यातलं सेलबोर्न आणि शेजारच्या बर्कशायरमधलं बार्कम. ही दोनच गावं घेतली, कारण दोन्हीकडच्या पाद्र्यांनी आपल्या गावातली माणसं आणि त्यांचा खर्च मोजून लिहून ठेवला आहे.

एका खेड्यात माणसं किती असायची?

सेलबोर्नचे पाद्री गिल्बर्ट व्हाइट पक्षी-झाडांच्या निरीक्षणासाठी जगभर ओळखले जातात, पण त्यांनी गावाचीही मोजदाद केली. १७८३ साली सेलबोर्नमध्ये १३६ कुटुंबं आणि ६७६ माणसं होती. त्यातली ३१३ गावातल्या मुख्य रस्त्यालगत राहत, उरलेली ३६३ आसपासच्या वाड्यांवर आणि शेतांवर. म्हणजे घरटी जेमतेम पाच माणसं.

या पाच माणसांत आजी-आजोबा, चुलते, जावा असतील असं आपण सहज धरून चालतो. तसं नव्हतं. नवरा, बायको आणि मुलं एवढंच घर, ऐपत असली तर जोडीला एखादा गडी किंवा मोलकरीण. लग्न म्हणजे वेगळी चूल, आणि वेगळ्या चुलीसाठी आधी पैसे साठवायचे. त्यामुळे लग्नं उशिरा होत. शतकाच्या सुरुवातीला बाईचं पहिलं लग्न सरासरी सव्विसाव्या वर्षी होई, शतक संपता संपता चोविसाव्याच्या आसपास. याची दुसरी बाजू लक्षात ठेवली पाहिजे: लेक-सून वेगळी राहत असल्यामुळे म्हातारी विधवा बहुतेक वेळा एकटीच उरायची. पुढे गरिबांच्या मदतीचा विषय येतो तो बराचसा इथूनच.

जनगणना नव्हती, मग हे आकडे आले कुठून?

पहिली जनगणना १८०१ साली झाली. त्याआधी १७५३ मध्ये तसं विधेयक आलं होतं, पण माणसं मोजली तर शत्रूला आपलं बळ कळेल आणि सरकार नवे कर लादेल, अशा भीतीपोटी ते बारगळलं. त्यामुळे भिस्त चर्चच्या वहीवर. १५३८ पासून प्रत्येक पॅरिशमध्ये बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवायचा हुकूम होता. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला मुलूख. तोच धर्माचा घटक, तोच गावकारभाराचा.

ही वही वाचताना सावध राहावं लागतं. तिच्यात जन्म नसतो, बाप्तिस्मा असतो. बाप्तिस्म्याआधी गेलेलं बाळ तिथे सापडत नाही, आणि क्वेकरसारख्या वेगळ्या पंथाची घरंही सापडत नाहीत. १७८३ ते १७९४ या काळात तर प्रत्येक नोंदीवर सरकारने तीन पेन्स कर लावला होता. निराधारांना तो माफ होता, म्हणून काही वह्यांत त्यांच्या नावापुढे तशी खूण दिसते.

लोकसंख्या खरंच वाढत होती का?

हो, आणि शतकाच्या उत्तरार्धात झपाट्याने. १७०१ च्या सुमाराला इंग्लंडात पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती, १७५१ ला सत्तावन्न-अठ्ठावन्न लाख, आणि १८०१ ला ८६ लाखांच्या घरात.

सेलबोर्नचं चित्र त्याला धरूनच आहे. १७२० ते १७७९ या साठ वर्षांत तिथे ९८० बाप्तिस्मे आणि ६४० दफनं झाली. म्हणजे ३४० माणसांची भर. पण शेवटी गावात आहेत ६७६. ही सगळी भर गावातच राहिली असती, तर दोन पिढ्यांत गाव दुप्पट झालं असतं, पण तेवढं ते वाढलं नाही. म्हणजे बरीच माणसं बाहेर पडली: दुसऱ्या गावी चाकरीला, लंडनला, फौजेत, आरमारात. खेडं म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी रुतलेली माणसं, ही कल्पना सोडून द्यावी लागते.

या गावात जन्मून वाढलेलं मूल चाळिशी ओलांडण्याची शक्यता निम्मी, असाही हिशोब व्हाइट यांनी काढला आहे. त्या काळाच्या मानाने हे चांगलं म्हणायचं. देशभर पाहिलं तर दर सहा बाळांतलं साधारण एक वर्षाच्या आत दगावत होतं.

लोक काम काय करायचे?

शेती, आणि शेतीला लागून असलेलं सगळं. सेलबोर्नमध्ये हॉपचे मळे पुष्कळ होते. हॉप म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी वेल. पुरुष त्या मळ्यांत राबत, ओक तोडत आणि कातडी कमावायला लागणारी त्याची साल सोलून काढत. बायका वसंतात-उन्हाळ्यात गव्हाची निंदणी करत आणि सप्टेंबरात हॉप तोडायला जात. हॉपतोडणी म्हणजे त्यांच्यासाठी वर्षातली दुसरी सुगीच.

थंडीच्या बेकार महिन्यांत बायका पूर्वी लोकर कातत. जवळच्या आल्टन गावात क्वेकर मंडळी त्या सुताचं उन्हाळी कापड विणून विकत. व्हाइट यांनी लिहिलं तोवर तो धंदा बसला होता. ते हे एका वाक्यात सांगून पुढे जातात, पण मला ते वाक्य फार महत्त्वाचं वाटतं. ज्या महिन्यांत नवऱ्याला काम कमी, नेमक्या त्याच महिन्यांतली बायकोची कमाई गेली.

तरुण मुला-मुलींची तऱ्हा वेगळी. पंधराव्या वर्षाच्या आगेमागे ती सालाने दुसऱ्याच्या शेतावर राहत. आपल्याकडच्या सालगड्यासारखंच, फक्त अविवाहित असताना. मालकाच्या घरी जेवण-झोप, आणि सालाच्या अखेरीस हातात रक्कम. साल संपलं की दुसरा मालक, पुष्कळदा दुसरं गाव. लग्न झालं की सालगडीपण संपलं आणि रोजंदारी सुरू झाली.

मजुरीत घर चालायचं का?

इथे बार्कमकडे जाऊ. तिथले पाद्री डेव्हिड डेव्हिस यांनी १७८७ साली आपल्या गावातल्या काही मजूर कुटुंबांचा आठवड्याचा हिशोब पैन्‌पैसह उतरवून घेतला. तो छापून आला १७९५ मध्ये. त्यातलं पहिलं कुटुंब पाहू: नवरा, बायको आणि पाच मुलं.

(नाण्यांबद्दल: एका पौंडाचे वीस शिलिंग, एका शिलिंगचे बारा पेन्स. आपल्या आण्याच्या बारा पया होत्या, ते आठवलं की हिशोब सोपा जातो.)

नवऱ्याची ठरलेली मजुरी आठवड्याला ७ शिलिंग. वर्षातले चार महिने उक्तं काम मिळे, तेव्हा थोडं जास्त. सगळं मिळून सरासरी ८ शिलिंग. बायको घरची भाकरी भाजणं, धुणं, ठिगळं लावणं आणि मुलं सांभाळणं यातच गुंतलेली. पेरणी, गवतकापणी आणि सुगीतली तिची कमाई वर्षभरावर पसरली तर आठवड्याला ६ पेन्स. एकूण ८ शिलिंग ६ पेन्स.

आता खर्च. पाव करायला साडेसात गॅलन पीठ, म्हणजे आपल्या मापाने तेवीस-चोवीस किलो: ६ शिलिंग ३ पेन्स. यीस्ट आणि मीठ ४ पेन्स. एक पौंड खारवलेलं डुकराचं मांस ८ पेन्स. ते एकदाच खायचं नाही. भाजीपाल्याबरोबर दोन-तीन वेळा उकळायचं आणि त्या पाण्यात पाव-बटाटे कुस्करून मुलांना द्यायचे. चहा, साखर आणि थोडं लोणी मिळून १ शिलिंग. त्यात चहा आठवड्याला एक औंस, म्हणजे सात माणसांत अठ्ठावीस ग्रॅम. साबण सव्वादोन पेन्स, मेणबत्त्या ३ पेन्स, रफूचा दोरा ३ पेन्स.

बेरीज होते ८ शिलिंग सव्वाअकरा पेन्स. दर आठवड्याला सव्वापाच पेन्सची तूट. आणि यात घरभाडं नाही, सरपण नाही, कपडे नाहीत, बाळंतपण नाही, आजारपण नाही. ते सगळं मिळून वर्षाला सहा पौंडांच्या आसपास जाई. नवऱ्याच्या खिळे ठोकलेल्या बुटांच्या एका जोडालाच ७ शिलिंग पडत, म्हणजे जवळजवळ आठवड्याची मजुरी.

हा माणूस रोज कामावर जातो. दारूचा खर्च यादीत नाही, मटणाची चैन नाही. कमाईतले जवळजवळ तीन चतुर्थांश पैसे निव्वळ पिठात जातात. पिठाचा भाव जरा चढला की हे घर बुडालंच.

गरीब उधळे होते म्हणून गरीब राहिले, असं त्या काळचे लोक म्हणत. त्यात तथ्य आहे का?

मला नाही वाटत, आणि यासाठी व्हाइट यांचाच दाखला घेतो. त्यांच्यावर माझा लोभ आहे, तरीही.

सेलबोर्नकडे लव्हाळ्याचे दिवे करत. उन्हाळ्यात लव्हाळे कापून आणायचे, पाण्यात टाकायचे, मग त्यांची साल अशी सोलायची की आतला गर उभा राहण्यापुरती एकच पट्टी उरावी. नंतर गवतावर पसरून काही रात्री दवात ठेवायचे, उन्हात वाळवायचे आणि वितळलेल्या चरबीत बुडवून काढायचे. जेमतेम अडीच फुटांचा एक चांगला लव्हाळा व्हाइट यांनी घड्याळ लावून जाळून पाहिला. तो सत्तावन्न मिनिटं जळला. एक पौंड वाळल्या लव्हाळ्यांत सोळाशे काड्या भरतात, त्यांना सहा पौंड चरबी लागते, आणि सगळा खर्च तीन शिलिंग. या दराने अर्ध्या पेनीत अकरा तास उजेड. आणि अगदी गरीब घरं मात्र रोज संध्याकाळी अर्ध्या पेनीची मेणबत्ती आणतात, जी त्यांच्या वारा शिरणाऱ्या खोलीत दोन तासांत संपते. यावरून ते म्हणतात की अतिगरिबांना काटकसर कळत नाही, म्हणून ते गरीबच राहतात.

गणित बिनचूक आहे, निष्कर्ष चुकला आहे. सव्वापाच पेन्सच्या तुटीत चालणाऱ्या घराने एकरकमी तीन शिलिंग आणायचे कुठून? चरबी घरची म्हणावी, तर ती मांसाच्या हंड्यावरून काढायची. आठवड्याला एक पौंड मांस शिजवणाऱ्या हंड्यात, तेही मुलांच्या तोंडी जाणाऱ्या पाण्यावर, चरबी ती किती? महिन्याचा किराणा एकदम भरता येत नाही ते घर आपल्याकडेही रोज सुटं तेल आणतं आणि जास्त पैसे मोजतं. त्या बाईला हिशोब कळत नाही असं आपण म्हणत नाही.

मजुरीशिवाय दुसरा काही आधार होता का?

होता, पण तो आकसत चालला होता. गायरानावर एखादी गाय किंवा डुक्कर चारता येई, रानातून काटक्या आणि जळाऊ माती आणता येई. सुगीनंतर बायका-मुलं शेतात सरवा वेचत, त्यातून काही आठवड्यांचं पीठ सुटे.

यातला बराचसा भाग कायद्याने नव्हे, वहिवाटीने चाले, आणि वहिवाट कोर्टात टिकेलच असं नसे. सरवा वेचण्याचा सरसकट हक्क कुणालाच नाही, असा निकाल १७८८ साली लंडनच्या कोर्टाने दिला. सामायिक जमिनींना कुंपण घालून वाटप करणारे कायदे पार्लमेंटमध्ये एकामागून एक होत गेले. १७५० पासून ऐंशी वर्षांत सुमारे चार हजार.

सेलबोर्नजवळच्या होल्ट जंगलातला १७८४ चा प्रसंग बोलका आहे. तिथे हजार ओक तोडले गेले. त्यांचे शेंडे आणि फांद्या कुणाच्या? जंगलाचा हक्कदार लॉर्ड म्हणाला माझ्या, आजूबाजूच्या चार गावांचे गरीब म्हणाले आमच्या. गरिबांनी जमावाने जाऊन सगळं लाकूड उचलून नेलं. लॉर्डने त्यातल्या पंचेचाळीस जणांवर दावे लावले.

गरिबांना मदत कोण द्यायचं?

गाव. धर्मादाय म्हणून नव्हे, कायद्याने. १६०१ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक पॅरिशने आपले निराधार स्वतः पोसायचे होते. त्यासाठी घर-जमीन कसणाऱ्यांवर कर बसे. आपल्या घरपट्टी-पाणीपट्टीच्या चालीवर त्याला गरीबपट्टी म्हणू. ती गोळा करायला आणि वाटायला दरवर्षी ईस्टरच्या सुमाराला गावातल्याच दोन-चार जणांची ओव्हरसीअर म्हणून नेमणूक होई. पगार नाही आणि नाही म्हणायची सोयही नाही. म्हणजे शेतकरी, गिरणीवाला किंवा दुकानदार वर्षभर शेजाऱ्याच्या गरजेचा न्याय करणार, आणि ते पैसे त्याच्याच खिशातून जाणार.

एवढ्या व्यापक प्रमाणावर, देशभर, करातून चालणारी गरिबांची सोय त्या काळी युरोपात दुसरीकडे नव्हती. हे श्रेय इंग्लंडला द्यायलाच हवं.

नेमकं काय मिळायचं?

म्हाताऱ्या विधवेला आठवड्याला एक-दोन शिलिंग. त्याशिवाय ओव्हरसीअरच्या वहीत बारीकसारीक खर्च भरलेला असतो: कुणाचं घरभाडं, कुणाला बूट, कुणाला सदरा, सरपणाची मोळी, सुईणीचे पैसे, आजाऱ्याजवळ बसणाऱ्या बाईची मजुरी, आणि शेवटी शवपेटी. एकाच बाईचं नाव धरून वही उलटत गेलं, तर तिची शेवटची दहा वर्षं नुसत्या खर्चाच्या नोंदींतून समोर येतात.

अनाथ आणि गरिबांच्या मुलांना उमेदवारीच्या नावाखाली दुसऱ्याच्या घरी बांधून देत. १७७८ पर्यंत मुलगा चोविसाव्या वर्षापर्यंत बांधलेला राही, नंतर ती मर्यादा एकवीसवर आली. काहींना त्यातून धंदा मिळाला, पुष्कळांना फक्त राबणं.

परगावच्या माणसाला मदत मिळायची का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि या व्यवस्थेची सगळ्यात कठोर बाजूही हीच. मदतीचा हक्क होता, पण तो एका गावाला बांधलेला होता. तुमचं हक्काचं गाव कुठलं, हे १६६२ च्या कायद्यापासून पक्कं ठरू लागलं. ते जन्माने मिळे, बापाकडून येई, लग्न झाल्यावर बाईला नवऱ्याचं लागे. वर्षाला दहा पौंड भाड्याची जागा घेतली तर मिळे, पण मजुराच्या झोपडीचं भाडं दोन पौंड असताना तो रस्ता त्याला बंदच. उमेदवारी केली तर मिळे, आणि अविवाहित असताना पूर्ण एक साल चाकरी केली तरी मिळे.

हे शेवटचं कलम कळल्यावर मालक काय करत? एकावन्न आठवड्यांचाच करार करत. एक आठवडा कमी, म्हणजे गड्याचा गावावर हक्क नाही.

ज्याचा हक्क नाही असा माणूस पुढेमागे गावावर भार होईल असं वाटलं, तर त्याला दोन मॅजिस्ट्रेटांपुढे उभं करत. जन्म कुठे झाला, कुठे किती वर्षं चाकरी केली, लग्न कधी, हे सगळं शपथेवर विचारून रवानगीचा हुकूम निघे. बिनलग्नाची गरोदर बाई असेल तर फारच घाई, कारण अशा मुलाला त्याच्या जन्माचं गाव लागे. दिवस भरत आलेल्या बाईला हद्दीपार पोचवण्यासाठी गाडीभाड्याचा खर्च केल्याच्या नोंदी वह्यांत आहेत. त्या वाचताना पोटात कालवतं.

१७९५ मध्ये कायदा बदलला. प्रत्यक्ष मदत मागितल्याशिवाय कुणाला हलवायचं नाही असं ठरलं. गरोदर अविवाहित बाईला मात्र ही सवलत नव्हती.

मदत घेणाऱ्याला बिल्ला लावावा लागे, हे खरं का?

खरं आहे. १६९७ च्या कायद्याप्रमाणे मदत घेणाऱ्याने, त्याच्या बायकोने आणि मुलांनीही उजव्या बाहीवर लाल किंवा निळ्या कापडाची दोन अक्षरं शिवायची होती: ‘पॉपर’ म्हणजे निराधार, त्याचं ‘पी’ आणि त्याला जोडून गावाच्या नावाचं पहिलं अक्षर. न लावल्यास मदत बंद, नाहीतर फटके आणि तुरुंग. सगळ्या गावांनी हे सारख्याच कडकपणे पाळलं नाही, पण कायदा १८१० पर्यंत होता.

आणि वर्कहाऊस?

वर्कहाऊस म्हणजे निराधारांना ठेवून घेऊन त्यांच्याकडून काम करवून घ्यायची जागा. १७२३ च्या कायद्याने गावांना अशी वर्कहाऊसं बांधायची आणि तिथे यायला नकार देणाऱ्याची मदत थांबवायची मुभा मिळाली. पण लहान गावांतली वर्कहाऊसं बहुधा म्हातारे, आजारी आणि अनाथ मुलं यांनीच भरलेली असत. १७८२ च्या गिल्बर्ट कायद्याने (हे गिल्बर्ट म्हणजे आपले व्हाइट नव्हेत) तर धडधाकट माणसाला आत डांबू नका, बाहेर काम मिळवून द्या, असंच सांगितलं. नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, ही कादंबऱ्यांतून माहीत असलेली सरसकट ताटातूट १८३४ च्या नव्या गरीब-कायद्यानंतरची.

स्पीनहॅमलंडचा तोडगा म्हणजे काय?

१७९५ मध्ये धान्य कडाडलं. ६ मे रोजी बर्कशायरचे मॅजिस्ट्रेट स्पीनहॅमलंड इथल्या पेलिकन नावाच्या सराईत जमले आणि मदत पावाच्या भावाला जोडली. आठ पौंड अकरा औंसाचा, म्हणजे चारएक किलोचा पाव एक शिलिंगला असेल, तर पुरुषाला आठवड्याला ३ शिलिंग आणि बायको व प्रत्येक मुलामागे दीड शिलिंग मिळालंच पाहिजे. मजुरी कमी पडली तर फरक गरीबपट्टीतून. भाव चढेल तशी रक्कमही चढेल.

हे माप बार्कमच्या त्या कुटुंबाला लावून पाहा. सात माणसांचे होतात १२ शिलिंग. त्यांची कमाई होती साडेआठ. पाव १ शिलिंग ४ पेन्सवर गेला तर हक्क १५ शिलिंगांचा. मॅजिस्ट्रेटांच्या स्वतःच्याच मापाने पूर्ण वेळ राबणारा माणूस जगण्याच्या रकमेच्या खाली होता. त्याच सभेत शेतकऱ्यांना मजुरी वाढवायची शिफारसही झाली, पण ती नुसती शिफारसच.

या सगळ्यावर खर्च किती झाला?

इंग्लंड-वेल्स मिळून १७७६ मध्ये सुमारे १५ लाख पौंड, १७८० च्या दशकाच्या मध्यात २० लाख, १८०३ मध्ये ४० लाखांहून जास्त. पट्टी भरणारे चिडले, मदत कमी पडणारेही चिडले. २२ नोव्हेंबर १८३० ला सेलबोर्नच्या मजुरांनी आपल्याच गावच्या वर्कहाऊसची मोडतोड केली, दुसऱ्या दिवशी जवळच्या हेडलीमध्ये तेच झालं.

या नोंदी पाहायच्या असतील तर कुठे?

प्रत्येक परगण्याचा दप्तरखाना असतो. सेलबोर्नसाठी तो विंचेस्टरला आहे. कुणालाही तिथे जाऊन पाहता येतं. नवख्याने बाप्तिस्म्याच्या वहीऐवजी हक्काच्या गावाबद्दलचे जबाब आधी मागावेत. सही न येणाऱ्या मजुराचं सगळं आयुष्य, कोणत्या शेतावर किती सालं काढली इथपासून, त्या एका पानात असतं, आणि खाली शाईची फुली. रवानगीचा हुकूम एका गावच्या दप्तरात सापडला नाही, तर तो माणूस ज्या गावी पाठवला तिथे शोधावा. हुकूम त्याच्याबरोबरच जात असे.